आभासी वास्तवात आपले साहित्य : एक हरकत आणि एक विनंती

शाळेच्या महोत्सवी वर्षात ग्रंथालयाशेजारच्या मोठ्या खोलीत आपल्या साहित्याचे कायमस्वरूपी प्रदर्शन उभारावे, असा ठराव माजी विद्यार्थ्यांच्या सभेत एकमताने संमत झाला, तेव्हा टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीही होतो. त्याच सभेत संगणक क्षेत्रात नाव कमावलेल्या काही विद्यार्थ्यांनी या प्रदर्शनासाठी आभासी वास्तवाचे, म्हणजे व्हीआरचे, चार हेडसेट देणगीदाखल देण्याचे जाहीर केले. ज्या वसतिगृहात एकेकाळी एका कंदिलाभोवती आठ मुले अभ्यासाला बसत, तेथे असे दान यावे याचा आनंद आम्हांस झाला नसता तरच नवल. परंतु त्यानंतर पडद्यावर जो आराखडा दाखविण्यात आला, त्यातील एका वाक्यापाशी आमचे मन अडले आणि अजून सुटलेले नाही. प्रेक्षकाने हेडसेट चढवावा आणि पाच मिनिटांकरिता ‘अस्पृश्य होऊन पाहावे’, असे ते वाक्य होते. गळ्यात मडके, कमरेला झाडू, पाणवठ्यावरून हाकलणारे हात, कानांवर शिव्या. सभागृहात टाळ्या झाल्या. सभेत आम्ही बोललो नाही, ही आमची चूक. म्हणून हा लेख.

आपल्या पालकवर्गात हे यंत्र न पाहिलेले पुष्कळ असतील, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. डोळ्यांवर पोहण्याच्या चष्म्याहून मोठे, पूर्ण बंद असे उपकरण बसते. आत प्रत्येक डोळ्यापुढे स्वतंत्र चित्र उमटते. मान वळवावी तसे चित्रही वळते, त्यामुळे आपण चित्राकडे पाहत नसून चित्राच्या आत उभे आहोत असे मेंदूला वाटते. यात दोन प्रकार आहेत. एकात कॅमेऱ्याने चारी बाजूंनी टिपलेली फिल्म असते. तीत मान फिरविता येते, पाऊल टाकता येत नाही. दुसऱ्यात संगणकाने उभी केलेली जागा असते. तीत चालता येते, वाकून टेबलाखाली पाहता येते. पहिला प्रकार स्वस्त आणि दुसरा खर्चिक. यापलीकडचे तांत्रिक ज्ञान आम्हांस नाही. परंतु प्रश्न यंत्राचा नसून त्या जागेत प्रेक्षकाला कोणाच्या ठिकाणी उभे करावयाचे याचा आहे, आणि त्यावर इतिहासाच्या शिक्षकाला चार शब्द बोलण्याचा अधिकार असावा.

साहित्याच्या प्रदर्शनात या माध्यमाचा जो उपयोग आम्हांस सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो, तो ॲम्स्टरडॅमचा. ॲन फ्रँक या ज्यू मुलीने ज्या घराच्या मागील भागात लपून रोजनिशी लिहिली, ते घर १९६० पासून संग्रहालय आहे. तेथील खोल्या रिकाम्या आहेत. अटकेनंतर सामान उचलून नेण्यात आले होते, आणि त्या कुटुंबातून एकटे जिवंत परतलेले वडील ओटो फ्रँक यांनी त्या तशाच रिकाम्या ठेवाव्यात अशी इच्छा व्यक्त केली. २०१८ मध्ये या संग्रहालयाने एक आभासी फेरी तयार केली. तीत त्या खोल्या सामानासह दिसतात : पलंग, भिंतीवरची चित्रे, लिहिण्याचे छोटे टेबल. मूळ घराचा जिना फार उभा असल्यामुळे ज्यांना तो चढता येत नाही, अशांनाही ती पाहता येते. पण त्या फेरीत माणसांच्या आकृती नाहीत. ॲन रडताना दिसत नाही, दारावर सैनिक थडकताना दिसत नाहीत. जागा दिसते आणि तिचे शब्द ऐकू येतात. बाकीचे काम प्रेक्षकाच्या मनावर सोडलेले आहे. करणाऱ्यांना बाहुले उभे करता आले नसते असे थोडेच आहे? त्यांनी ते केले नाही, एवढेच.

याच्या उलट विचारसरणीही जगात आहे. २०१५ मध्ये क्रिस मिल्क या अमेरिकी चित्रपटकाराने एका भाषणात या माध्यमाला सहानुभूतीचे यंत्र म्हटले. जॉर्डनमधील झातारी छावणीत राहणाऱ्या सीरियन मुलीवरची त्यांची फिल्म तेव्हा गाजत होती. दूरच्या माणसाचे दुःख जवळ आणणारे साधन म्हणून आम्हीही तिचे मोल मानतो. परंतु ‘जवळ आणणे’ निराळे आणि ‘तू पाच मिनिटे तोच हो’ असे सांगणे निराळे. हेडसेट काढून ठेवता येतो. जात काढून ठेवता येत नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याला यंत्राने उलटेच शिकविले असे होईल. तो बाहेर येऊन म्हणेल, समजले हो, मी अनुभवले आहे.

काही वर्षांपूर्वी एका शहरातील प्रदर्शनात आम्ही मुलांची सहल घेऊन गेलो होतो. तेथे हेडसेट नव्हता, साधी मांडणी होती. एका चौकटीत प्रेक्षकाने ओंजळ धरून बसावयाचे आणि स्वयंसेवकाने वरून पाणी ओतावयाचे. तरुण मंडळी आळीपाळीने बसत होती, हसत होती, मोबाइलवर छायाचित्रे काढीत होती. आमच्या नववीतल्या एका मुलाला स्वयंसेवकाने आग्रहाने ‘ये, बस, बघ कसे वाटते’ म्हटले. तो बसला नाही. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसून होता. आम्ही विचारल्यावर एवढेच म्हणाला, ‘सर, माझी आजी सांगते ना ते. मला कशाला बघायचंय?’ प्रदर्शन मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. पण त्यांनी प्रेक्षक म्हणजे ज्याच्यावर हे कधी ओढवले नाही असाच माणूस, असे गृहीत धरले होते. आपल्या शाळेतील प्रदर्शनाचा पहिला प्रेक्षक त्या मुलासारखा असणार आहे. त्याच्या डोळ्यांवर यंत्र बांधून त्याच्याच आजीला हाकललेले त्याला दाखवावयाचे, आणि त्याला शिक्षण म्हणावयाचे?

आता आमचे म्हणणे. प्रदर्शन साहित्याचे आहे. साहित्य म्हणजे कोणी तरी लिहिलेले शब्द. तेव्हा आभासी जागेत प्रेक्षकाला लिहिणाऱ्याच्या शेजारी, त्याचे ऐकणारा म्हणून उभे करावे. ज्याला मारले त्याच्या ठिकाणी नव्हे, मारणाऱ्याच्या ठिकाणी तर नव्हेच. आणि यासाठी बाहेरच्या कोणाचा दाखला शोधण्याची गरज नाही, कारण हाच प्रश्न परमपूज्य बाबासाहेबांनी स्वतः सोडवून ठेवला आहे.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे छोटेसे आत्मकथनपर लेखन आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेले हे हस्तलिखित त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ते पुस्तिकारूपाने काढले आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात त्याचा समावेश झाला. आरंभीच बाबासाहेब अडचण मांडतात : अस्पृश्यता आहे हे परकीयांना ऐकून माहीत असते, पण तिच्या शेजारी ते राहिलेले नसल्याने ती प्रत्यक्षात कशी छळते याची त्यांना कल्पना येत नाही. मग ती त्यांच्यापर्यंत पोहोचवावी कशी? सर्वसाधारण वर्णन करावे, की घडलेले प्रसंग सांगावेत? ते दुसरा मार्ग निवडतात. प्रदर्शनाच्या आराखड्यापुढे बसलेल्या माणसापुढचा प्रश्न याहून वेगळा आहे काय?

त्यातील पहिलाच प्रसंग १९०१ सालचा. भीमराव नऊ वर्षांचे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावी, दुष्काळी कामावर रोखपाल. साताऱ्याहून भाऊ आणि बहिणीची मुले यांच्यासह सुटीत त्यांच्याकडे जावयाचे. आयुष्यातली पहिली रेल्वे, नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे. मसूर स्थानकावर उतरल्यावर न्यावयास कोणी आलेले नाही. स्टेशनमास्तर आस्थेने चौकशी करतो, आणि मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटतो. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार नाहीत. शेवटी एक तयार होतो : गाडी मुलांनी हाकावयाची, त्याने बाजूने चालावयाचे. थोड्याच अंतरावर जवळजवळ कोरडी नदी. तेथे जेवण उरकून घ्या, पुढे पाणी मिळणार नाही, असे सांगून भाड्यातले काही पैसे आगाऊ घेऊन गाडीवान गावात जेवावयास जातो. मुलांपाशी आत्याने करवून दिलेले उत्तम जेवण आहे, पण डबक्यातले पाणी चिखलाने आणि गुरांच्या मलमूत्राने घट्ट झालेले. अर्ध्या जेवणावरून उठावे लागते. मध्यरात्री टोलनाक्याची झोपडी. नाकेदाराकडेही पाणी नाही. सकाळी पुन्हा गाडी, आणि अकराच्या सुमारास गोरेगाव.

या सबंध प्रसंगात मुलांवर कोणी हात उगारीत नाही. स्टेशनमास्तर तर पुढे मदतच करतो. गाडीवान रात्री अंधारात स्वतःच गाडीत येऊन बसतो. बाबासाहेब हे सर्व नोंदवितात. गळ्यातले मडके नाही, आरडाओरड नाही. डबा भरलेला आहे आणि पाणी नाही. आराखडा करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी शंभर प्रसंग चाळून पाहावेत, याहून अचूक मांडणी त्यांना मिळेल असे आम्हांस वाटत नाही.

हा उतारा आम्ही दरवर्षी आठवीला वाचून दाखवितो. एका वर्षी एका मुलीने हात वर करून विचारले : गाडीवान त्यांच्याच पैशांनी गावात जेवून आला, मग येताना तांब्याभर पाणी का नाही आणले त्याने? आम्ही थांबलो. पंचवीस वर्षे तो उतारा शिकविताना हा प्रश्न आमच्या मनात आला नव्हता. पैसे त्याने घेतले, ते विटाळले नाहीत. पाणी आणावे असे त्याच्या मनातही आले नसावे. त्या तासाला धडा पुढे सरकला नाही आणि सरकावा असे आम्हांस वाटलेही नाही. आभासी जागा उभारताना आमची कसोटी हीच राहील : ती पाहून बाहेर येणाऱ्या मुलीला असा प्रश्न सुचण्याइतकी जागा तिच्यात रिकामी ठेवली आहे काय?

म्हणून आम्ही सुचवितो ते असे. तीनच ठिकाणे असावीत : मसूरचा फलाट, नदीचे पात्र आणि रात्रीची टोलझोपडी. तिन्ही ठिकाणी प्रेक्षक स्थिर उभा किंवा बसलेला. बैलगाडीचा प्रवास चित्रात दाखवू नये. याला विचाराइतकेच शरीराचेही कारण आहे : डोळ्यांना गाडी हलताना दिसते आणि कानातील तोलाच्या इंद्रियाला शरीर स्थिर असल्याचे कळते, या विसंगतीमुळे हेडसेट घातलेल्या माणसाला मळमळू लागते. धक्के खाणारी बैलगाडी हा तर त्याचा हमखास उपाय! प्रवासाच्या वेळी दृश्य काळोखे करावे आणि केवळ आवाज ठेवावा. जॉन हल या इंग्लंडमधील प्राध्यापकाने दृष्टी गेल्यावर ध्वनिफितींवर रोजनिशी ठेवली होती. तिच्यावर २०१६ मध्ये ‘नोट्स ऑन ब्लाइंडनेस’ या नावाची आभासी कृती झाली. तीत बहुतेक वेळ अंधार असतो आणि आवाज होईल तेथे प्रकाशाचे अंधूक ठिपके उमटतात. त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे की या यंत्रात कमी दाखवून अधिक सांगता येते.

मुलांच्या आकृती नसाव्यात. नऊ वर्षांच्या भीमरावांचा संगणकी चेहरा तर मुळीच नसावा. अशा बाहुल्यांपुढे आपली माणसे हार घालू लागतील आणि वाचावयाचे राहून जाईल, हे आम्ही आपल्याच घरातले म्हणून स्पष्ट लिहितो. नदीपात्रात उघडा डबा दिसावा, डबके दिसावे, गाडीवानाची मोकळी जागा दिसावी, आणि बाबासाहेबांचे शब्द कोणी तरी शांतपणे वाचीत असावे. नवे संवाद रचू नयेत. अक्षरे हवेत तरंगत ठेवण्याचा मोहही आवरावा. हेडसेटमध्ये बारीक देवनागरी वाचणे कठीण जाते, जोडाक्षरे तर पुसट होतात. वाचनाचा आवाज व्यावसायिक निवेदकाचा नको, आपल्या वसतिगृहातील मुलीचा असावा. या लेखनाच्या वापरासाठी रीतसर परवानगी मात्र आधी घ्यावी. लेखकाच्या निधनानंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजला जातो, त्यामुळे बाबासाहेबांचे सर्वच लेखन आता मुक्त झाले आहे असे समजून चालणार नाही.

दुसरे दालन बेबीताई कांबळे यांचे असावे, असा आमचा आग्रह आहे. ‘जिणं आमुचं’ मध्ये मार आहे, भूक आहे, देवाच्या नावाने पिळलेल्या बायका आहेत, आणि आराखडेवाले नेमके तेच उचलतील याची आम्हांस भीती वाटते. पण फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात गल्ल्यामागे बसून, पुड्या बांधण्यासाठी आणलेली रद्दी वाचत वाचत या बाईने लिहिले, आणि लिहिलेले अनेक वर्षे घरात लपवून ठेवले. १९८२ मध्ये ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले आणि १९८६ मध्ये पुस्तक आले. पुढे त्यांनी निंबुरे येथे मुलांसाठी निवासी शाळा चालविली, ही गोष्ट आपल्यासारख्या शाळेत तरी सर्वांना माहीत असावयास हवी. प्रेक्षकाला त्या गल्ल्यामागच्या जागेवर बसवा. समोर तराजू, गिऱ्हाईक येण्याची वाट, मांडीवर अर्धा लिहिलेला कागद, आणि दारात पाऊल वाजले की तो कागद आपोआप रद्दीखाली जातो. लेखिका दिसत नाही. तिचा धाक आणि तिचा हट्ट मात्र कळतो. आमच्या मुलींना याहून अधिक काय द्यावयाचे?

चवदार तळ्याचे दालन व्हावे अशी सूचना आली आहे. २० मार्च १९२७ चा तो दिवस दाखविण्यास हरकत नाही, पण हजारोंच्या जमावाचे दृश्य उभारण्यास खर्च फार आणि त्यातून निघणार खेळण्यासारखी लुटुपुटुची गर्दी. ते भिंतीवरच्या नकाशाने आणि त्या काळच्या वृत्तपत्रांच्या प्रतिमांनी अधिक चांगले होईल.

व्यवहाराचेही थोडे. शाळेत चारशे मुले धरली, प्रत्येकी दहा मिनिटे धरली (यंत्र डोक्यावर बसविणे आणि पुसून पुढच्याला देणे यांसह), तर चार हेडसेटवर एकदा सर्वांचे पाहून व्हावयास सतरा तास लागतात. म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी बहुसंख्य पाहुणे रांगेतच उभे राहणार. ती रांग ग्रंथालयातून काढावी, बाके ठेवावीत, आणि बाकांवर हीच पुस्तके, एकेकाच्या दहा-दहा प्रती. यंत्र सात मिनिटांत संपेल. अर्धा तास वाट पाहताना पुस्तक उघडले जाईल. मेटा कंपनीने वापराची किमान वयोमर्यादा २०२३ मध्ये तेरावरून दहावर आणली आहे, तीही पालकांच्या देखरेखीखाली. तेव्हा पाचवीखालच्या मुलांना हेडसेट देऊ नये, आणि वरच्या वर्गांसाठी पालकांची संमती आधीच घ्यावी. ज्याला घालावयाचा नाही त्याला कोणी ‘ये, बस, बघ’ म्हणू नये. त्याच्यासाठी तोच आवाज साध्या हेडफोनवर ठेवावा.

रोज सकाळी धम्मवंदनेत आपली मुले ‘एहिपस्सिको’ म्हणतात. ये आणि पाहा, असा त्याचा अर्थ त्यांना तिसरीतच सांगितलेला असतो. पाहावयास बोलावणे आपल्या परंपरेला परके नाही. कोणी बोलवावे, काय दाखवावे आणि पाहणाऱ्याने मग स्वतः तपासून घ्यावे, एवढाच भाग यंत्रावर सोडता येत नाही.

काम थोडे सुरूही झाले आहे. गेल्या महिन्यात नववीच्या मुली ध्वनिमुद्रक घेऊन परिसरातील गावांत बैलगाडीचा आवाज टिपावयास गेल्या होत्या. तीन गावे फिरल्या. गाड्या मिळाल्या, पण सर्वांना रबरी टायर. चालताना आवाज जवळजवळ नाहीच. १९०१ च्या त्या रात्रीचे चाक लाकडी होते आणि त्याला लोखंडी धाव होती. खडकाळ वाटेवर ती निराळीच वाजते. माजी विद्यार्थ्यांपैकी किंवा पालकांपैकी कोणाच्या गावी, कोणाच्या गोठ्यात अशी जुनी गाडी अजून चालत्या स्थितीत असेल, तर शाळेच्या कार्यालयात कळवावे. मुलींना घेऊन आम्ही स्वतः येऊ. बैल तेवढे तुमचे हवेत.